कूस बदलून देणारी माणसं

आमच्या केम गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं ठरलं की सगळ्यात आधी विचारलं जातं, "सोबत कोण चाललंय?" डॉक्टर कोणता, पैसे किती लागतील, हे प्रश्न मागून येतात. सोबत जाणाऱ्याने काय करायचं असतं हे कुणी शिकवत नाही, पण घरोघरी ते ठाऊक असतं. सलाइनच्या बाटलीवर नजर ठेवायची आणि संपत आली की सिस्टरांना हाक मारायची. भांडं द्यायचं, अंग पुसायचं, दुधात भाकरी कुस्करून भरवायची. चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलमध्ये पळायचं. रात्री खाटेखाली वाकळ अंथरून पडायचं आणि आजारी माणूस कण्हला की उठून त्याची कूस बदलून द्यायची. कुर्डूवाडी असो, बार्शी असो की सोलापूर, आमच्या भागातली रुग्णालयं पिढ्यान्पिढ्या अशी घरच्या माणसांच्या बळावर चालत आली आहेत. या कामाला पगार नाही, हजेरी नाही, पदाचं नाव नाही. त्यामुळे ते केवढं मोठं आहे याची नोंदही कुठे झाली नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या संसर्गाच्या भीतीने नातेवाइकांना वॉर्डाबाहेर थांबवलं गेलं, तेव्हा त्या कामाची जागा एका रात्रीत रिकामी झाली.

माझ्या वडिलांच्या खाटेजवळच्या त्या रिकाम्या जागेत परकी माणसं येऊन उभी राहिली. त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. नावं छापू का, असं मी विचारलं होतं. सगळ्यांनीच नको म्हटलं, म्हणून इथे ती ज्या नात्याने आमच्याशी बांधली गेली त्याच नात्याने येतील.

दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. दौंड-सोलापूर मार्गावर भाळवणी आणि ढवळस यांच्या मधलं केम हे लहानसं स्टेशन. गाव ओळखलं जातं ते कुंकवासाठी. आई कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरायला जायची आणि संध्याकाळी कोपरापर्यंत लाल होऊन घरी यायची. दादांची नोकरी रुळांवरची. घण, पहार, इंजिनांचे भोंगे यांत उमेदीची सगळी वर्षं गेली आणि त्यांचे कान गेले. उजव्याने काहीच नाही, डाव्याने थोडं. समोरच्याच्या ओठांकडे बघत ते बोलणं समजून घेत. २०२० मध्ये सगळ्या जगाचे ओठ मास्कमागे गेले आणि घरातल्या घरातही दादा एकटे पडायला लागले.

पावसाळ्यात दादांना रात्रीची गस्त असे. हातात कंदील, खांद्यावर झोळी, झोळीत धोक्याचा इशारा देणारे फटाके आणि एक वही. ठरलेलं अंतर, म्हणजे आपलं बीट, चालून गेलं की पलीकडून दुसरा गस्तवाला येतो. दोघं वह्या बदलतात आणि परत फिरतात. गस्तवाला वेळेवर पोचला नाही तर त्या टप्प्यावर काहीतरी बिघडलं आहे असं धरून चालतात आणि पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला सावधगिरीचा आदेश देऊनच गाडी सोडतात. दादा हे फार अभिमानाने सांगत. "रूळ कधी बेवारस ठेवायचा न्हाई," हे त्यांचं वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणापासून ऐकलेलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कोरोनाच्या पहिल्या वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजायच्या कामाला आम्हा शिक्षकांनाही जोडलं होतं. पंढरपूरचं मंदिर बंद, जत्रा बंद, म्हणून कुंकवाची मागणी बसलेली. कारखान्यातल्या बायका दारात बसून असायच्या आणि बोट ऑक्सिमीटरमध्ये घालताना विचारायच्या, "बाई, न्यायची वेळ आली तर सोबत येऊ देतात का हो?" मरणापेक्षाही ही भीती मोठी होती, हे मी घरोघरी पाहिलं.

ही भीती आपल्याकडे जुनी आहे. १८९७ च्या प्लेगमध्येही लोक रोगाइतकेच इस्पितळाला घाबरले, कारण इस्पितळ म्हणजे घरच्यांपासून तुटणं. लोकमान्य टिळकांनी पुण्यात वेगळं हिंदू प्लेग हॉस्पिटल उभारलं, त्यामागे लोकांचा हा धसका होता. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांना नेलं. साथरोग प्रतिबंधक कायदाही त्याच सालचा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच लागू केला. आजाऱ्याला वेगळं ठेवण्याचा अधिकार त्या छोट्याशा कायद्याने सरकारला दिला. वेगळं ठेवलेल्या माणसाला पाणी कोण पाजणार, हे मात्र त्यात लिहिलेलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ती उणीव सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेतली होती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आमच्या तालुक्यातल्या गावागावांत शिरली. दादांना ताप आला, मग धाप लागली. गावच्या आरोग्य केंद्रातून पुढे न्यायला सांगितलं. बेडसाठी फोन करता करता रात्र सरली आणि अखेर सोलापुरातल्या एका रुग्णालयात जागा मिळाली. दारातच त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं. मधुमेह आहे, ऐकू येत नाही, हे मी कागद घेणाऱ्या माणसाला सांगितलं. आमच्या मागे रांग होती, त्याने नुसती मान हलवली. कानाचं यंत्र पिशवीत होतं आणि पिशवी माझ्याच हातात राहिली. ती आत पाठवायची सोय नव्हती.

पहिले काही दिवस फोनवर एवढंच कळायचं, "स्टेबल आहेत." नंतर समजलं की त्यांच्या कागदावर 'सूचना पाळत नाहीत' असं लिहिलं गेलं होतं. पालथं झोपा, मास्क काढू नका, जोरात श्वास घ्या, असं सांगणारी सगळी माणसं पांढऱ्या किटमध्ये आणि मास्कमागे होती. दादांना त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. जेवणाचा डबा खाटेच्या कडेला यायचा आणि न उघडता परत जायचा. पाण्याच्या बाटलीचं सील त्यांच्या थरथरत्या बोटांनी निघत नव्हतं. तहानेला माणूस पाण्याशेजारी पडून होता.

एका मध्यरात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. काळजात धस्स झालं. पलीकडून तरुण मुलीचा आवाज. "घाबरू नका ताई, तब्येत आहे तशीच आहे. मी वॉर्डातली सिस्टर बोलतेय. एक विचारायचं होतं. बाबांना कुठल्या कानानं ऐकू येतं?"

त्या प्रश्नाने मला जो धीर दिला, तो त्या महिन्यात दुसऱ्या कशाने दिला नाही. मी डावा कान सांगितला. घरी आम्ही हातवारे कसे करतो तेही सांगितलं. उपडं झोपायचं असेल तर तळहात उलटा करून दाखवायचा, पाण्यासाठी अंगठा ओठांशी न्यायचा. तिने ते लक्षात ठेवलं. पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहून तिने ती पट्टी खाटेच्या उशाशी लावली: डावा कान, जवळ जाऊन, हाताने खूण करा, आणि खाली माझा नंबर. सकाळच्या पाळीतल्या सिस्टरने ती वाचली, डॉक्टरांनी वाचली, झाडलोट करणाऱ्या मावशींनी कुणाकडून तरी वाचून घेतली. दादा त्या दिवसापासून सूचना पाळायला लागले.

तिच्याशी पुढे ओळख वाढली तेव्हा वॉर्डातल्या रात्री कळल्या. साधारण चाळीस खाटा आणि रात्री ती एकटी. दुसरी सिस्टर स्वतःच पॉझिटिव्ह होऊन घरी. किट चढवल्यावर पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणं नाही. एका टोकाला कुणाचा ऑक्सिजन उतरतोय म्हणून धावायचं, तेवढ्यात दुसऱ्या टोकाला कुणीतरी खाटेवरून उतरू बघतंय. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा आहे की साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिघांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात एकास एक. या हिशेबाने त्या वॉर्डात रात्री निदान आठ जणी हव्या होत्या. सात जागा रिकाम्या होत्या, आणि महामारीच्या आधी त्यातल्या बहुतेक जागांवर आपण, म्हणजे सोबत आलेली माणसं, बसलेलो असायचो. म्हणून त्या कधी रिकाम्या दिसल्या नव्हत्या.

दादांची कूस बदलून देणारा होता शेजारच्या खाटेवरचा पोरगा. यंत्रमाग कामगार, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. त्याच्या नाकालाही ऑक्सिजनची नळी होती. ती जितकी लांब पोचेल तितकं पुढे सरकून तो दादांच्या बाटलीचं सील फोडायचा, डब्यातला भात कालवून चमच्याने भरवायचा. पुढेपुढे नळी काढून ठेवून काही मिनिटं उठायचा, दादांना कुशीवर वळवायचा, पाठीशी उशी लावायचा आणि धापा टाकत परत आपल्या नळीशी जायचा. सिस्टर त्याच्यावर रागवायच्या आणि त्याचेच आभारही मानायच्या. माझा नंबर त्याने उशाच्या पट्टीवरून घेतला होता. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "ताई, आज अर्धी पोळी खाल्ली की दादांनी. वरण आवडत नाही वाटतं त्यांना. तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी हाय की."

एके दिवशी त्याचा आवाज पडलेला वाटला. मी घाबरून विचारलं, त्रास होतोय का. तो म्हणाला, "नाही ताई, उद्या मला डिस्चार्ज देतायत. दादांना आता कोण बघणार?"

घरी त्याची बायको वाट बघत होती, दोन लहान लेकरं होती, मागावर जायचं बंद म्हणून घरात पैसा नव्हता. इतक्या दिवसांनी सुटका होत असताना त्याला ही काळजी होती. जाण्यापूर्वी त्याने समोरच्या खाटेवरच्या एका निवृत्त कंडक्टरांना दादांजवळ आणलं, खुणा शिकवल्या, भात किती सैल कालवायचा ते दाखवलं आणि मग गेला. दादांनी नंतर मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे शब्द होते, "पोरानं वही बदलली अन् मगच बीट सोडलं."

तरीही दादांच्या कमरेखाली जखम झाली. हे लपवायचं कारण नाही. आधीचे काही दिवस ते उताणे पडून होते, अंथरूण ओलं होतं, साखर वाढलेली होती. हालचाल न करणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर हाडावरच्या कातडीला रक्त पोचत नाही आणि ती मरते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात बजावलं होतं की रुग्णाला अशी जखम झाली तर दोष बहुधा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट त्यांनी आग्रहाने सांगितली आहे: आपण हजर असताना जे होतं ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणं हेच खरं काम. शुश्रूषा म्हणताना त्यांच्या मनात एकटी परिचारिका नव्हती, सगळी व्यवस्था होती. त्यांच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिकांचं म्हणून जाहीर केलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्राला केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागण्याची वेळ आली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात ८२ वर्षांच्या एक आजी बेपत्ता झाल्या आणि आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडल्या. इतके दिवस त्या दाराआड होत्या. वरिष्ठांचं निलंबन झालं, चौकशा झाल्या. मी मात्र ती बातमी आठवते तेव्हा माझ्या मनात येतं की एरवी त्या आजींची लेक किंवा सून त्या दाराबाहेर उभी असती.

दादांची जखम पहिल्यांदा पाहिली ती वॉर्डातल्या मावशींनी. चादर बदलताना त्यांनी डाग पाहिला, दादांना स्वतःच वळवून बघितलं आणि सिस्टरांना हात धरून घेऊन आल्या. मावशी रोजंदारीवरच्या. त्यांचं काम फरशी पुसणं आणि कचरा उचलणं एवढंच लिहिलेलं. जखम बघणं, कोमट पाण्याने पुसून घेणं, कोरडा कपडा घालणं हे त्यांच्या कामात नव्हतं. त्यांनी ते रोज केलं. घरी आल्यावर जखम पाहणाऱ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, अजून चार दिवस कुणाच्या लक्षात आली नसती तर ती हाडापर्यंत गेली असती.

दादा घरी आले ते अर्धे होऊन. केमच्या घरात पुढचे कित्येक महिने जखमेचे गेले. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई लसीकरणाच्या धबडग्यातून वाट वाकडी करून यायच्या. त्यांनी मला ड्रेसिंग शिकवलं: हात कसे धुवायचे, मीठपाणी कसं उकळून थंड करायचं, कापूस बाहेरून आत न नेता आतून बाहेर कसा फिरवायचा, मेलेली कातडी आणि जिवंत मांस रंगावरून कसं ओळखायचं. माझे हात थरथरले की त्या शांतपणे म्हणायच्या, "बघत राहा. जखमेकडं रोज बघणारं माणूस पाहिजे, निम्मी ती तेवढ्यानंच भरते." गावातल्या आशा कार्यकर्त्या रोज साखर तपासून जायच्या. आई उठता-बसता दादांची कूस बदलायची. त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर जखम भरली. दादा त्यानंतर काठी टेकत स्टेशनपर्यंत जाऊन यायला लागले.

उपकार फेडायचे म्हणून मी निघाले, तेव्हा कळलं की हे सोपं नाही. यंत्रमाग कामगार भावाच्या घरी गेले. एका खोलीचं घर, भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट. पाकीट पुढे केल्यावर त्याने हात मागे घेतला आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाला, "दादांना एकदा घेऊन या." आम्ही त्यांना घेऊन गेलो. दोघं एकमेकांशी खुणांनीच बोलत बसले, वॉर्डात ठरलेल्या खुणांनी. आता दिवाळीला आमचा फराळ त्याच्याकडे जातो, त्याच्या घरची टॉवेलची जोडी आमच्याकडे येते, आणि त्याच्या मुलीच्या स्कॉलरशिपची तयारी फोनवरून मी करून घेते. निवृत्त कंडक्टर पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या दहाव्याला दादा गेले होते. मावशी त्या रुग्णालयात आता नाहीत. ठेकेदार बदलला आणि सोबत माणसंही बदलली. त्यांचा पत्ता मला अजून सापडलेला नाही.

सिस्टरचं कंत्राट लाट ओसरल्यावर संपलं आणि पुढे वाढवलं गेलं नाही. शेवटच्या दोन महिन्यांच्या पगारासाठी तिला कितीदा खेटे घालावे लागले ते तिने सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी दारात उभं राहून ज्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्यांत ती होती. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी रुग्णालयांमधल्या परिचारिका खासगी एजन्सीमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा ती खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर काम करत होती. तुझ्यासाठी काय करू, असं मी तिला विचारलं. साडी नको, पैसे नकोत. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बोलू-लिहू शकता. आमच्या भरतीबद्दल कुठं बोलायला मिळालं तर बोला."

म्हणून मी बोलते. ग्रामसभेत बोलते, मतं मागायला येणाऱ्यांशी बोलते, शिक्षकांच्या बैठकीत बोलते आणि आता इथे लिहिते आहे. माझं मागणं तिच्याकडूनच आलेलं आहे. मंजूर असलेली परिचारिकांची पदं भरा, आणि ती कायम स्वरूपाची भरा, कारण तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर कुणा सिस्टरला वॉर्ड आपला वाटत नाही आणि वॉर्डालाही ती आपली वाटत नाही. मावशी आणि वॉर्डबॉय यांना आजाऱ्याला उचलायचं, वळवायचं, भरवायचं शिक्षण द्या, त्याचा मोबदला द्या, कारण ते काम ते आजही करतच आहेत. आणि पुन्हा साथ आलीच, तर बहिरा, आंधळा, विसराळू, उठता न येणारा अशा प्रत्येक रुग्णाजवळ घरचं एक माणूस किट घालून आत जाऊ द्या. रोगाचा धोका आम्ही घेऊ. आमची माणसं एकटी ठेवण्याचा धोका त्याहून मोठा होता, हे आम्ही आता भोगून शिकलो आहोत.

रात्री एका वॉर्डात एकच सिस्टर असेल, तर पुढच्या साथीतही कुणाच्या तरी वडिलांची कूस शेजारचा आजारी माणूस स्वतःची नळी काढून ठेवून बदलून देईल. तो देईल याची मला खात्री आहे, कारण अशी माणसं मी पाहिली आहेत. त्याच्यावर ती पाळी येऊ न देणं हे मात्र आपलं काम आहे, आणि ते करायला साथ येण्याची वाट बघायची गरज नाही.